उजव्या भिंतीवरची चौकट

१

सोमवारी सकाळी सफाईवाली काच पुसायला शिडीवर चढली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण रिकामी चौकट पुसतो आहोत. आत नुसता पुठ्ठा होता. दानपत्र गेलं होतं.

हे नाट्यगृह नगरपालिकेचं, म्हणजे कागदोपत्री सगळ्या गावाचं. साठ वर्षांपूर्वी एका लाँड्रीवालीने आपली जागा देऊन ते उभं करवलं. जन्मभर ती नटांचे कपडे धुऊन, इस्त्री करून देत आली, पण खुर्चीवर बसून नाटक बघ असं तिला कुणी कधी म्हटलं नाही. दानपत्राच्या पुढच्या बाजूला नेहमीची कायद्याची भाषा होती. मागच्या बाजूला तिने स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या होत्या: हे घर कुणा एकाच्या ताब्यात देऊ नये, दिलंच तर दान रद्द समजावं. ही अट गावात सगळ्यांना ऐकून माहीत होती, पण चौकटीत ती बाजू पुठ्ठ्याकडे असल्याने त्या ओळींचा फोटो कुणाकडेच नव्हता. नोंदणीची प्रत जुन्या कचेरीला आग लागली त्यात गेली. त्या ओळी डोळ्यांनी वाचलेलं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे मी. पालिकेच्या आवक आणि रेकॉर्डच्या खोलीत मी एकतीस वर्षं काढली आहेत.

आणि शुक्रवारी सभा होती. नाट्यगृह तीस वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे द्यायचं की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. अस्सल दानपत्र टेबलावर ठेवलं की ठराव तिथल्या तिथे पडला असता. ते नसेल, तर कंपनीचा वकील विचारणार, की एका निवृत्त कारकूनबाईच्या आठवणीवर सभा चालवायची का? त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

दुपारी लेकीचा फोन आला. नाट्यगृहाचे मॅनेजर म्हणजे तिचे यजमान, आमचे जावईबापू. त्यांना निलंबित केलं होतं. शुक्रवारी कंपनीच्या ठरावाला जोडूनच त्यांना कामावरून काढण्याचा ठराव येणार होता.

"आई, ह्यांनी नाही घेतलं," लेक म्हणाली.

जावयावर माझा विश्वास होता, पण तो त्यांच्या आळसावर होता. चोरी करायची तर उठावं लागतं.

२

मुख्याधिकारी मला कामावर असल्यापासून ओळखत होते. मंगळवारी त्यांनी मला बोलावलं ते मदतीला, असं ते म्हणाले. टेबलापलीकडून ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्यावरून मला तसं वाटलं नाही.

हकिगत साधी होती. शनिवारच्या प्रयोगाला दानपत्र जागेवर होतं, हे शंभर लोकांनी पाहिलं होतं. रविवारी प्रयोग नव्हता. मॅनेजरने सकाळी कुलूप उघडलं, आत तीन माणसांना सोडलं, आणि जेवायला म्हणून जे घरी गेले ते चार वाजता डोळे चोळत परत आले. मग आत नजरही न टाकता त्यांनी कुलूप लावलं आणि वहीत 'सर्व ठीक' असं लिहून सही ठोकली. ती तीन माणसं म्हणजे मापं घ्यायला आलेला कंपनीचा माणूस, तालमीची तयारी करायला आलेली दिग्दर्शिका आणि पडदा ओढणारे दोरकाका. तिघांनीही आपण काही पाहिलं नाही असं सांगितलं होतं. चौकट उघडायला लागणारा पेचकस मात्र मॅनेजरच्याच खणात सापडला होता.

"शिवाय कंपनीने त्यांना कामावर कायम ठेवण्याचा शब्द दिला होता," मुख्याधिकारी म्हणाले. "आणि आज हे आलंय."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. अक्षर मुद्दाम वाकडंतिकडं काढलेलं होतं. त्यात लिहिलं होतं: मॅनेजरसाहेबांचा यात हात नाही. उजव्या भिंतीवरची चौकट मी स्वतः उघडली. कागद सुखरूप आहे. शुक्रवार झाला की पोचता होईल.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, यावरून तर आमचे जावई सुटलेच.

"उलट आहे," ते शांतपणे म्हणाले. "दानपत्र डाव्या भिंतीवर होतं. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला. उजव्या भिंतीवर त्या बाईंचा फोटो आहे. म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याने चौकट उघडली तर नाहीच, बहुतेक नीट पाहिलीही नाही. मॅनेजरना वाचवायला बाहेरच्या कुणीतरी रचलेलं हे पत्र आहे. किंवा घरातल्या कुणीतरी."

घरातल्या कुणीतरी म्हणताना त्यांनी नजर माझ्यावरून काढली नाही.

३

मी तडक नाट्यगृहात गेले. दारातून आत शिरले, डावीकडे रिकामी चौकट, उजवीकडे लाँड्रीवालीचा फोटो. मुख्याधिकारी खोटं बोलत नव्हते. न राहवून मी फोटोची चौकटही उघडायला लावली. आत बाई होत्या, बाकी काही नव्हतं.

मग एकेकाला गाठलं. आधी कंपनीचा माणूस. याला मी मनातल्या मनात गुळगुळीतसाहेब असं नाव ठेवलं, कारण बोट ठेवावं तिथून घसरायचं. तो दर्शनी हॉलमध्ये टेबल टाकून बसला होता आणि समोर इमारतीचा नवा नकाशा पसरलेला होता. रविवारी डाव्या भिंतीजवळ शिडी लावून मापं घेतली, हे त्याने स्वतःहूनच सांगून टाकलं. इतका सरळपणा मला सोसवत नाही. चौकटीला हात लावला का, असं विचारल्यावर म्हणाला, कशाला लावू, सभेत बहुमत आहेच.

"बाई, ज्याचा मालक सगळं गाव, त्याचा गळका नळ दुरुस्त कोण करणार?" तो हसून म्हणाला. "तुम्ही इतकी वर्षं पालिकेत होतात. तुम्हीच सांगा."

मी नकाशाकडे बघायला लागले. लगेच त्याने तो गुंडाळून ठेवला. तो गुंडाळला नसता तर मीही विसरून गेले असते.

दिग्दर्शिका बाईंवर माझा जास्त संशय होता. नाट्यगृह वाचवा म्हणून गावभर सह्या गोळा करत फिरत होत्या त्याच. महिन्यापूर्वी चारचौघांत त्या म्हणाल्या होत्या, की असला कागद पालिकेच्या भिंतीवर ठेवण्यापेक्षा मी घरी नेऊन ठेवीन. आणि पत्रात तर शब्द होता 'सुखरूप'. मी तो खडा टाकून पाहिला. त्या संतापल्या. नेला असता तर तुमच्या जावयाला निलंबित होऊ दिलं असतं का, म्हणाल्या. चौकट कुठे होती ते सांगा म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, प्रेक्षकांच्या डाव्या हाताला. तेही बरोबर निघालं.

जाता जाता त्यांनी पालिकेचा उद्धार करून घेतला. विंगेतल्या दिव्यांच्या कळा बंद, मेकअपच्या खोलीत आरसा फुटलेला, आणि आता पडद्याची खालची किनारसुद्धा कुणीतरी सुतळीने शिवून ठेवलीय, कालच त्यांचा पाय अडकला. सुतळीने कुणी मखमल शिवतं का, असं त्या मला विचारत होत्या. जसं काही मीच शिवली होती.

राहिले दोरकाका. आणि दोरकाकांवर संशय घ्यायचा तर मला आधी माझ्याच मनाशी भांडायला हवं होतं.

४

दोरकाका पस्तीस वर्षं तो पडदा ओढत आले आहेत. त्यांना नाव आहे, पण ते पगाराच्या कागदावर. पडद्याआड एका कोपऱ्यात त्यांचं स्टूल आहे, वर माळ्यापर्यंत गेलेले दोर आहेत, आणि त्या दोरांवर दिव्यांच्या लोखंडी दांड्या लोंबतात. मी गेले तेव्हा ते दोरावरून हात फिरवत होते. एका जागी दोराचे पीळ सुटून सुताचा झुपका झाला होता.

मी विचारलं तेवढ्याचंच उत्तर त्यांनी दिलं. रविवारी दोर बघायला आलो, बघितले, गेलो. मॅनेजरसाहेब चांगला माणूस आहे, आळशी आहे पण चांगला आहे. एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली.

काकूंच्या हाताचं विचारलं. काकू म्हणजे त्यांची बायको, इथे कपडेपट सांभाळायची. सगळ्या नटांचे कपडे तिने शिवलेले. तीन वर्षांपूर्वी दोर तुटून वरची दांडी खाली आली, ती तिच्या उजव्या हातावर. त्या हाताने आता तिला सुई धरता येत नाही.

"एकोणीस अर्ज दिले होते त्याआधी," दोरकाका म्हणाले. "दोर बदला म्हणून. तुम्हाला आठवत असेल."

मला आठवत होतं. एकोणीसच्या एकोणीस अर्जांवर आवकचा शिक्का मी मारला होता, क्रमांक घातला होता आणि तारीखवार लावून फाइल केली होती. ती फाइल मला इतकी चोख जमली होती, की पाच मिनिटांत कुणालाही काढून दाखवली असती. कुणी मागितली नाही, आणि मीही कुणापुढे नेऊन आपटली नाही. मला तिथे उभं राहवेना.

विषय बदलायला म्हणून मी म्हटलं, समोर बसून कधी नाटक बघता की नाही.

"पस्तीस वर्षांत एकदाही नाही," ते म्हणाले. "पडदा कोण ओढणार?"

मी पुढे येऊन तिसऱ्या रांगेत बसले. तालीम सुरू झाली होती. दिग्दर्शिका माझ्या शेजारी बसून एका नटाला ओरडून सांगत होत्या, अरे उजवीकडून ये, उजवीकडून. आणि तो शहाणा माझ्या डावीकडून आला. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं आता शिव्या बसणार, पण त्या म्हणाल्या, हां, बरोबर.

मी त्यांना विचारलं, हे उजवीकडे कसं झालं?

"त्याचं उजवं हो. तो आपल्याकडे तोंड करून उभा असतो ना. रंगमंचावरच्या माणसाची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षकाची डावी. मला दोन्ही बोलावं लागतं, कारण मी इथेही बसते आणि तिथेही उभी राहते. नवी माणसं सुरुवातीला गोंधळतात."

मी रिकाम्या चौकटीकडे बघितलं. माझ्या डाव्या हाताला होती. रंगमंचावरून बघणाऱ्याला ती उजव्या भिंतीवर होती.

म्हणजे ते पत्र खोटं नव्हतं. ज्याने चौकट उघडली त्यानेच ते लिहिलं होतं, आणि वाचवायला निघाला तोच चुकून माझ्या जावयाचा गळा कापत होता.

५

गुरुवारी मी दोन कामं केली. पालिकेत जाऊन ठरावाला जोडलेल्या नव्या नकाशाची प्रत काढून घेतली. मग दुपारी दोरकाकांना म्हटलं, जरा पुढे या, काम आहे. त्यांना तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

मी विचारलं, काका, दानपत्राची चौकट कोणत्या भिंतीवर होती?

"उजव्या," ते पटकन म्हणाले.

"हात करून दाखवा."

त्यांनी डावा हात वर केला आणि तो हात तसाच राहिला. आपण काय बोललो आणि हात कुठे गेला, हे त्यांचं त्यांनाच दिसलं.

मी त्यांना माझा हिशेब सांगितला. दिग्दर्शिका बाईंना कागद शुक्रवारीच हवा होता, शुक्रवार झाल्यावर त्याचा त्यांना उपयोग काय? गुळगुळीतसाहेबाने चोरला असता तर तो परत द्यायची भाषा केली नसती, आणि मॅनेजरसाठी तर शाईचा थेंबही खर्च केला नसता. आमचे जावई डाव्याला डावंच म्हणतात, तेवढं त्यांना येतं. उरला एकच माणूस, ज्याला ठराव मंजूर व्हायला हवा होता, पण कागद जाळायचा धीर नव्हता आणि दुसऱ्याच्या माथी आळ आलेला सोसत नव्हता.

दोरकाकांनी नाकारलं नाही.

"तो म्हणाला पहिल्या महिन्यात दोर बदलतो," ते म्हणाले. "पोलादी. मला नकाशा दाखवला, बाई. नवा मोठा मंच, वर सगळ्या दांड्यांच्या रेघाच रेघा. पालिकेला पस्तीस वर्षं दिली मी. आता ज्याच्या ताब्यात जायचं त्याच्या जाऊ दे, पण पुन्हा कुणाच्या अंगावर दांडी पडू नये. उद्या माझ्यानंतर जो दोर धरेल त्याच्या तर नाहीच नाही."

मला त्यांचा राग आला नाही. रागवायला मी कोण होते?

मी नकाशाची प्रत त्यांच्या मांडीवर पसरली आणि विचारलं, मंच दाखवा. त्यांनी त्यांच्या पोटाजवळची कड दाखवली. तिथे एक रुंद चौकोन होता आणि आडव्या रेघाच रेघा. नावं इंग्रजीत होती, ती त्यांना वाचता येत नव्हती. ते नकाशा तसाच बघत होते, जसं पस्तीस वर्षं नाट्यगृह बघत आले होते: मंच आपल्या पायाखाली आणि माणसं समोर.

"काका, नकाशा रस्त्याकडून काढतात," मी म्हटलं. "तुमच्या पोटाजवळ आहे ते मुख्य दार. या रेघा म्हणजे दाराच्या नव्या पायऱ्या. तुमचा मंच तिकडे, वरच्या टोकाला."

त्यांनी वरच्या टोकावर बोट ठेवलं. इथे काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. तिथे लिहिलं होतं, गाड्या लावण्याची जागा.

"म्हणजे मंच नाहीच?"

"नाही. दोरच नसतील तर दोर तुटायचा प्रश्नच नाही. तो तुमच्याशी खोटं बोलला नाही, तुम्ही उलटं बघताय हे त्याला दिसलं आणि तो गप्प बसला."

दोरकाकांनी नकाशाची घडी घालून तो माझ्याकडे दिला. मग विचारलं, कागद कुठे आहे हे मला माहीत आहे का. मी म्हटलं, काकूंच्या हातात सुई असती तर मखमलीला मखमलीचाच दोरा लागला असता. सुतळी आणि दाभण दोर सांधणाऱ्याकडेच असतात.

पडदा सरळ लोंबावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत साखळी घातलेली असते. त्यांनी सुतळी उसवली. साखळीशेजारी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं दानपत्र होतं, घडीसुद्धा न पडलेलं.

"माझं नाव सांगा सभेत," ते म्हणाले.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या रात्री मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की एखादा कागद सापडला नसता तर बरं झालं असतं.

६

शुक्रवारी सभा नाट्यगृहातच भरली. मी दानपत्र मुख्याधिकाऱ्यांच्या हातात दिलं आणि मागची बाजू वाचा म्हटलं. त्यांनी वाचली. पहिल्या रांगेत गुळगुळीतसाहेबाने आपली कागदपत्रं आवरायला घेतली.

"कुठे मिळालं?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांचा संशय अजून माझ्या घराभोवतीच घोटाळत होता.

"पडद्याच्या दुमडीत."

"ठेवलं कुणी?"

समोर दुसऱ्या रांगेत लेक आणि जावई बसले होते. नाव घेतलं तर एक घर वाचत होतं आणि एक बुडत होतं. एवढ्यात मंचावरून, पडद्याच्या कडेतून, दोरकाका पुढे आले. मी ठेवलं, म्हणाले. पेचकस मॅनेजरसाहेबांच्या खणातून मीच घेतला आणि परत ठेवला, पत्रही मीच लिहिलं, ते निर्दोष आहेत. मग थांबून म्हणाले, उजवी भिंत म्हणजे ती, आणि बोट दाखवलं. सभेतल्या निम्म्या लोकांनी भलतीकडे बघितलं.

कंपनीचा ठराव पडला. जावईबापू कामावर रुजू झाले आणि दोरकाकांना घरी बसवलं, निवृत्तीला पाच महिने उरले असताना. नियमच तसा होता. दिग्दर्शिका बाई आनंदाने रडल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आपलं नाट्यगृह आपल्याकडेच राहिलं म्हणाले आणि घरी गेले. दोर होते तिथेच लोंबत राहिले.

सोमवारी मी मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेले. काखेत ती फाइल होती, एकोणीस अर्जांची, आणि विसावा अर्ज माझ्या अक्षरात होता. त्यांनी वर न बघता सांगितलं, आवकमध्ये देऊन जा.

"आवकमध्ये एकतीस वर्षं मीच बसत होते, साहेब," मी म्हटलं. "तिथे दिलेल्याचं काय होतं ते मला विचारा."

त्यांनी विचारलं, अर्जदार कोण म्हणून लिहायचं, तुम्ही तर आता नोकरीतही नाही. मी सांगितलं, मालक म्हणून लिहा, दानपत्रात तसंच आहे. आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. पहिल्या दिवशी त्यांनी सही केली नाही. मी मंगळवारीही गेले, बुधवारीही गेले. आठव्या दिवशी दिग्दर्शिका बाई आणि सफाईवालीही येऊन बसल्या, तेव्हा खुर्च्या कमी पडायला लागल्या आणि सही झाली.

नवे दोर लागल्यावर रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला मी दोरकाकांना आणि काकूंना घेऊन गेले. तिकिटं मी काढली, जावईबापूंनी स्वतः उठून जागा दाखवल्या. काकूंनी दुखरा हात मांडीवर ठेवला. दोरकाका पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले. तिसरी घंटा झाली आणि पडदा दोन्हीकडे सरकला.

"डावीकडचा मागे राहिला," ते माझ्या कानात म्हणाले. "सांगायला हवं त्याला."

मी बघितलं. मागे राहिला होता तो उजवीकडचा. मी म्हटलं, हो काका, सांगू.